मंडळीच्या वहीतला माणूस

आमच्या घरी वंशावळ नव्हती. आजोबांना त्यांच्या आजोबांचं नाव सांगता येई. त्यापलीकडे विचारलं, की ते हसून म्हणत, "पुढचं अल्लाला ठाऊक." लेखी म्हणावा असा एकच जुना कागद घरात होता, तो आजी-आजोबांचा निकाहनामा. मजकूर उर्दूत. खाली आजोबांची सही, ती मात्र मोडीत, कारण गावच्या शाळेत ते मोडी शिकले होते. आणि सहीच्या शेजारी जांभळ्या शाईत आजीचा अंगठा. आजोबांच्या नावावरून पुढे काही ना काही सापडत गेलं. शाळेतली नोंद सापडली, जमिनीचा फेरफार सापडला, कुठल्याशा दाव्यातली साक्ष सापडली. आजीच्या अंगठ्यावरून काहीच सापडलं नाही.

असाच एक कागद इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन परगण्यातल्या पिडिंग्टन नावाच्या खेड्याचा आहे. तिथल्या चर्चच्या विवाहवहीत १० जून १७८१ रोजी एका लग्नाची नोंद झाली. नवरा विल्यम कॅरी, वय वर्षं एकोणीस, धंदा जोडे शिवण्याचा. त्याने सही केली. नवरी डॉरथी प्लॅकेट, त्याच्याहून पाचेक वर्षांनी मोठी. तिने फुली मारली. तिला लिहिता येत नव्हतं.

हा विल्यम कॅरी पुढे बाप्टिस्ट पंथाचा पाळक झाला, बंगालमध्ये आला आणि १८०५ साली त्याने मराठी भाषेचं व्याकरण इंग्रजीत छापलं. देवनागरी टाइपात मराठी छापण्याचे जे आरंभीचे प्रयत्न झाले, त्यांतला हा एक. छापील मराठीची वंशावळ मांडायला बसलं, तर या पाद्र्याच्या दारावरून जावंच लागतं. माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला तो एका अर्थाने पूर्वजच. म्हणून त्याच्या मागावर निघावंसं वाटलं.

त्याच्या घरच्यांनीही त्याचा माग काढला होता. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८३६ साली, पुतण्या युस्टेस कॅरी याने त्याच्या आठवणी आणि पत्रं छापली. १८८५ साली जॉर्ज स्मिथने मोठं चरित्र लिहिलं. आणि १९२३ साली त्याच्या पणतूने, सॅम्युएल पिअर्स कॅरी याने, पणजोबांचं चरित्र नव्याने लिहून काढलं. हा पणतू स्वतःही बाप्टिस्ट पाळकच होता. या पुस्तकांतून चर्चच्या वह्यांमधल्या नोंदी आपल्याला घरबसल्या वाचायला मिळतात. मी काही इंग्लंडला गेलेलो नाही.

इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक गावच्या सरकारमान्य चर्चने तीन गोष्टी लिहून ठेवायच्या, असा दंडक होता. मुलाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. त्यामुळे साध्या शेतकऱ्याचाही माग तीन-चार शतकं मागे जातो. पण पूर्वज बाप्टिस्ट निघाला, की शोधणाऱ्याची पंचाईत होते. कारण बाप्टिस्ट मंडळी तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतच नाहीत. माणसाला कळू लागल्यावर त्याने स्वतः होऊन विश्वास कबूल करावा आणि मग पाण्यात पूर्ण बुडी घेऊन बाप्तिस्मा घ्यावा, असं त्यांचं मत. साहजिकच त्यांच्या मुलांची नावं गावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत नसतात. काही आईबाप नुसत्या जन्माची नोंद आपल्या मंडळीकडे करत. पुढे लंडनमध्ये डॉ. विल्यम्स यांच्या ग्रंथालयात अशा वेगळ्या पंथांच्या मुलांसाठी एक जन्मनोंदवही ठेवली गेली. लग्नाचं त्याहून विचित्र. १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडले, तर बाकी सगळ्यांना लग्न सरकारमान्य चर्चमध्येच लावावं लागे. मनाने बाप्टिस्ट असलेला माणूसही लग्नापुरता त्या वहीत दिसतो आणि पुन्हा नाहीसा होतो. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली ती १ जुलै १८३७ पासून. त्या सुमारास अशा पंथांच्या जुन्या वह्या सरकारने मागवून घेतल्या. त्या आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

पण बाप्टिस्टांकडे दुसऱ्याच तऱ्हेची एक वही असे, आणि ती फार बोलकी असे. प्रत्येक मंडळी आपल्या सभांचं इतिवृत्त लिही. कोण सभासद झाला, कोणाला समज दिली, कोणाचं नाव कमी केलं, कोण गाव सोडून गेला. सभासद दुसऱ्या गावी जाऊ लागला, की मंडळी त्याला निरोपाचं पत्र देई आणि नव्या गावची मंडळी ते पाहून त्याला आपल्यात घेई. आपल्याकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखंच हे. एका वहीतलं 'गेला' दुसऱ्या वहीतल्या 'आला'शी जुळवत जायचं, म्हणजे माणूस हाती लागतो.

कॅरीचा माग असाच लागतो. तो जन्मला १७ ऑगस्ट १७६१ रोजी, पॉलर्सपरी या गावी. बाप एडमंड हा विणकर. विल्यम सहा वर्षांचा असताना तो गावच्या चर्चचा कारकून आणि शाळामास्तर झाला. म्हणजे घर सरकारमान्य चर्चचं. त्यामुळे तान्ह्या विल्यमचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्येच झाला. पुढे जोडे शिवण्याचं काम शिकताना जॉन वॉर नावाचा वेगळ्या पंथाचा एक सोबती भेटला आणि वाद घालता घालता कॅरीच त्या बाजूला झुकला. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्दॅम्प्टनमध्ये नेन नदीत जॉन रायलंड या तरुण पाळकाने त्याला बाप्तिस्मा दिला. हा त्याचा दुसरा बाप्तिस्मा, स्वतः निवडलेला. पुढे कॅरीचं नाव झाल्यावर रायलंड सांगत असे, की त्या दिवशी आपल्या लेखी तो केवळ एक गरीब जोडे शिवणारा होता.

यानंतरच्या नोंदी ऑल्नी गावच्या मंडळीच्या वहीत आहेत. जॉर्ज स्मिथने त्या तारखांसह छापल्या आहेत आणि त्या जरा सावकाश वाचण्यासारख्या आहेत.

१७ जून १७८५. मोल्टन गावच्या विल्यम कॅरीचा अर्ज सभेपुढे आला. हा माणूस आजूबाजूच्या गावांत उपदेश करतो, लोकांना तो पसंत पडतो, चालचलणूक चांगली आहे, त्याला एखाद्या नावाजलेल्या मंडळीकडून रीतसर उपदेशक म्हणून पाठवलं जावं अशी इच्छा आहे, असा आशय. १४ जुलैला तो स्वतः हजर झाला. आपल्या मनात देवाने काय काम केलं ते त्याने सांगितलं, सभेचं समाधान झालं आणि त्याला सभासद करून घेतलं. १७ जुलै, रविवार संध्याकाळ. मंडळीच्या सांगण्यावरून त्याने उपदेश केला. त्यावर ठराव काय झाला? तर सध्या जिथे उपदेश करतो तिथे करत राहावा, अधूनमधून आमच्यापुढे येऊन बोलावं, म्हणजे त्याच्या अंगच्या गुणांची आणखी पारख करता येईल.

थोडक्यात, पहिल्या परीक्षेत पठ्ठ्या पास झाला नाही! पुढे ज्याने बायबल बंगालीत आणि संस्कृतात नेलं, त्याला ऑल्नीच्या साध्या माणसांनी 'थांब, आणखी ऐकू दे' म्हणून परत पाठवलं. मग जवळजवळ एक वर्ष वही त्याच्याबद्दल गप्प आहे. १६ जून १७८६ रोजी पुन्हा विषय निघाला आणि या वेळी सर्वांचं एकमत झालं. १० ऑगस्ट १७८६ रोजी त्याला उपदेशकाच्या कामासाठी रीतसर बोलावणं देण्यात आलं. देव नेईल तिथे जाऊन त्याने शुभवर्तमान सांगावं, असं वहीत लिहिलं गेलं. २९ एप्रिल १७८७ ची नोंद निरोपाची आहे. बंधू कॅरी याला मोल्टनच्या मंडळीकडे सोपवण्यात आलं. त्याच वर्षी तिथे त्याची पाळक म्हणून स्थापना झाली.

मला या पाच-सहा नोंदींचं मोठं अप्रूप वाटतं. बिशप नाही, पदवी नाही, राजाचा हुकूम नाही. एका लहान गावातल्या लोकांनी एका जोडे शिवणाऱ्याला वर्षभर ऐकलं, पारखलं आणि मग हात वर करून सांगितलं, की हा आमचा माणूस. आणि ते सगळं लिहून ठेवलं. माणसाचा माग राहतो तो असा. तो मोठा होता म्हणून नव्हे, तर त्याच्याबद्दल कुणी तरी सभेत बसून निर्णय केला आणि कुणी तरी तो टिपला म्हणून.

मोल्टनला तो पाळक होता, शाळा चालवत होता आणि जोडेही शिवत होता. १७८९ मध्ये तो लेस्टर शहरात हार्वे लेनच्या मंडळीत आला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी एका घराच्या बैठकीच्या खोलीत काही पाळक जमले आणि परदेशी धर्मप्रसारासाठी त्यांनी बाप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन केली. त्या रात्री कबूल झालेली वर्गणी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. पुढच्याच वर्षी कॅरी हिंदुस्थानला निघाला. लेस्टरच्या मंडळीच्या वहीत त्याची नोंद आहे. तिचा आशय असा, की आमचा पाळक मूर्तिपूजक आणि अंधश्रद्ध लोकांमध्ये शुभवर्तमान नेण्यासाठी गेला, जिवापाड प्रेमाचा माणूस आम्ही गमावतो आहोत, तरी आमची याला संमती आहे. ही नोंद वाचताना मी दोनदा अडखळलो. एकदा त्या प्रेमापाशी. आणि एकदा आपल्या देशातल्या माणसांबद्दल त्या वहीने काय धरून चाललं होतं, तिथे. दोन्ही एकाच हातानं लिहिलेलं आहे. पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला दोन्ही वाचावं लागतं.

आता त्या फुलीकडे पुन्हा वळू. हिंदुस्थानला जायचा निर्णय सभेत झाला, पण डॉरथीची त्या निर्णयाला तयारी नव्हती. ती गरोदर होती, आणि समुद्र तिने कधी पाहिलेला नव्हता, असंच तिच्या चरित्रकारांचं मत आहे. तिने आधी साफ नकार दिला. मे महिन्यात बाळ झालं. शेवटच्या क्षणी, बहीण किटी बरोबर येणार असेल तर येते, म्हणून ती निघाली. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजाने सगळे निघाले, कारण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. ११ नोव्हेंबरला ते कलकत्त्याला पोहोचले.

पुढे पोट भरण्यासाठी कॅरी उत्तर बंगालमध्ये मुदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर कामाला लागला. तिथे १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. स्वतः कॅरी तापाने गळून गेला होता. त्या दिवसाची हकिगत त्याने लिहून ठेवली आहे. कारखान्यावर दोन सुतार रोज कामाला होते, पण पेटी करायला कुणी तयार होईना. दोन-तीनशे मजूर होते, पण परक्या जातीच्या प्रेताला हात लावायला कुणी पुढे येईना. शेवटी चार मुसलमान, एकमेकांना धीर देत, पुढे आले आणि त्यांनी कबर खोदली. प्रेत न्यायला तरीही कुणी मिळेना. आपणच नवरा-बायको मुलाला उचलून नेऊ, असं कॅरीने ठरवलं होतं. अखेर घरातला मेहतर आणि जात गमावलेला एक पोरगा यांनी ते काम केलं. गोष्ट इथे संपत नाही. कबर खोदली म्हणून गावच्या प्रमुखाने त्या चार मुसलमानांना वाळीत टाकलं. त्यांच्याबरोबर कुणी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, तंबाखू ओढायची नाही. कॅरीला त्यात पडून तो बहिष्कार मोडावा लागला.

मुसलमान वस्तीतही त्या काळी शिवाशीव कशी मुरली होती, हे यातून दिसतं आणि ते वाचताना मान खाली जाते. पण त्याच ओळींत ते चौघेही आहेत. त्यांना या मुलाशी, त्याच्या बापाच्या धर्माशी, केटरिंगच्या त्या सभेशी काही देणंघेणं नव्हतं. मेलेल्या पोराला माती मिळाली पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं. त्यापायी त्यांनी आपला हुक्का आणि पाणी पणाला लावलं. ऑल्नीच्या वहीत कॅरीची प्रत्येक पायरी तारखेसकट आहे. या चौघांचा मात्र फक्त आकडा आहे. चार.

डॉरथीचं मन यानंतर ठिकाणावर राहिलं नाही. पुढची बारा-तेरा वर्षं ती भ्रमिष्ट अवस्थेत होती आणि ८ डिसेंबर १८०७ रोजी श्रीरामपूरला वारली. शेजारच्या खोलीत नवरा भाषांतरं तपासत असे. तिची बाजू मांडणारं स्वतंत्र चरित्र व्हायला १९९२ साल उजाडावं लागलं. ते जेम्स बेक याने लिहिलं.

श्रीरामपूर हे हुगळीकाठचं गाव डॅनिशांच्या ताब्यात होतं. १८०० साली कॅरी तिथे आला आणि मार्शमन व वॉर्ड या सोबत्यांबरोबर त्याने मंडळी आणि छापखाना दोन्ही उभे केले. आता वही त्याच्याच मंडळीची होती. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराला हुगळीत बाप्तिस्मा दिला गेला. त्याच वेळी कॅरीच्या थोरल्या मुलालाही दिला. १८०३ मध्ये मंडळीतला गोकुळ वारला, तेव्हा त्याची शवपेटी चौघांनी खांद्यावर घेतली. मार्शमन, कॅरीचा मुलगा फेलिक्स, मूळचा ब्राह्मण असलेला भैरव आणि मूळचा मुसलमान असलेला पीरू. मुदनाबाटीला जो खांदा मिळाला नव्हता, तो नऊ वर्षांनी असा मिळाला. कॅरीच्या मंडळीला याचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. मला मात्र इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पीरूने धर्म बदलला, ती त्याची वाट. मुदनाबाटीच्या चौघांनी काही न बदलता कबर खोदली होती.

१८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची नेमणूक झाली. तो सरकारमान्य चर्चचा नसल्यामुळे त्याला प्राध्यापक म्हणता येत नव्हतं, म्हणून तो नुसता शिक्षक. पगार महिना ५०० रुपये. बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी असे विषय त्याच्याकडे आले. १८०५ चं व्याकरण यातून निघालं. त्याला रोजच्या बोलण्यातले संवाद जोडलेले आहेत. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, तो चक्क मोडी टाइपात. निकाहनाम्यावर आजोबांची जी अक्षरं आहेत, त्याच वळणाची अक्षरं शिशात ओतून कधी काळी हुगळीच्या काठी कोश छापला गेला, हे मला कळलं तेव्हा मी तो कागद पुन्हा काढून पाहिला. पुढे सिंहासनबत्तिशी, हितोपदेश अशी मराठी गद्य पुस्तकंही श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडली.

पण जोडे शिवणाऱ्या इंग्रज पाळकाला मराठी शिकवलं कुणी? कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथशर्मा यांनी. व्याकरण आणि कोश यांच्यामागे त्यांचं ज्ञान होतं, पुढच्या गद्य पुस्तकांतही त्यांचा हात होता. टाइपाचे ठसे कोरायचं काम श्रीरामपूरला आधी पंचानन कर्मकाराने आणि मग त्याच्या जावयाने, मनोहरने केलं. मुखपृष्ठावर नाव कॅरीचं राहिलं. वैजनाथ पंडितांच्या नावे इंग्लंडात किंवा बंगालमध्ये कुठल्याही मंडळीची वही नव्हती. त्यांना कुणी वर्षभर ऐकून ठराव केला नाही. ते मराठी बोलत गेले आणि ती मराठी छापली गेली.

कॅरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरला वारला. थडग्यावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एका भजनाच्या दोन ओळी, याहून जास्त काही नको, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. स्वतःबद्दल तो कमी बोलणारा होता, यात शंका नाही. त्याची आणि त्याच्या संस्थेची पत्रं, रोजनिश्या आणि इतिवृत्तं आज ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजात जपून ठेवलेली आहेत. त्यामुळे त्याच्या वंशजांना आणि आपल्यासारख्यांना त्याचा माग काढता येतो.

पण माग काढता काढता मला कळलं, की मी एकट्या कॅरीच्या मागावर नव्हतो. छापील मराठीच्या वंशावळीत तो आहेच. त्याच्या शेजारी वैजनाथ पंडित आहेत, पंचानन आहे, फुली मारणारी डॉरथी आहे. आणि ते चार मुसलमान आहेत. त्या दिवशी ते पुढे आले नसते, तर त्या बापाला आपल्या मुलाची कबरही स्वतःच खोदावी लागली असती.

कुणाकडे जुने कागद असतील, तर एवढंच सांगतो. खरेदीखत असो, निकाहनामा असो, चर्चची वही असो. सही आपण वाचतोच, कारण ती वाचता येते. तिच्या शेजारचा अंगठाही थोडा वेळ बघत बसावं. आमच्या आजीचं नाव हलिमा होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)